गेटाबाहेरची शेड

कारखान्यात तिला सगळे 'हेल्मेटबाई' म्हणत. सुरक्षा अधिकारी हा हुद्दा कागदावर; एरवी याच्या डोक्यावर हेल्मेट चढव, त्याच्या हातात मोजे कोंब, यातच तिचा दिवस जायचा. कामगार हसायचे, पण ऐकायचे. ऐकायचे नाहीत ते फक्त मॅनेजरसाहेब.

मुलामा चढवण्याआधी धातूचे भाग अ‍ॅसिडमध्ये धुण्याचा एक विभाग होता. टाक्यांवरून वाफ उठायची आणि आत पाऊल टाकताच घसा धरायचा. तिचा सख्खा मोठा भाऊ त्याच विभागात होता. वाफ ओढून घेणारे पंखे बसवा, डोळे धुवायला नळ द्या, म्हणून तिने मॅनेजरांकडे हेलपाटे घातले. ते मान डोलवायचे आणि विसरून जायचे. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिने सरळ सरकारी निरीक्षकांकडे तक्रार केली. ते आले, नाकाला रुमाल लावून टाक्यांभोवती फिरले, आणि नीट व्यवस्था होईपर्यंत विभाग बंद ठेवण्याचा हुकूम देऊन गेले.

त्या संध्याकाळी भावाने तिला टपली मारली. "जिंकलीस की गं," तो म्हणाला.

पंखे काही आले नाहीत. उलट टाक्याच उचलून नेल्या. मॅनेजरांनी तिला बोलावून गोड आवाजात सांगितलं, "तुमचं म्हणणं पटलं आम्हाला. धोक्याचं काम आता आपल्याकडे नाहीच. ठेकेदार भाग धुऊन आणून देईल." विभागातली माणसं घरी बसली. पुढे कारखान्याला सुरक्षेबद्दल ढाल मिळाली. फोटोत तिला मधोमध उभं केलं होतं.

भाऊ काम शोधत वणवण फिरला. पन्नाशीच्या माणसाला कोण दारात उभं करतं? मग एके दिवशी तो पुन्हा डबा घेऊन निघू लागला. कुठे जातोस विचारलं, की "मिळालंय काहीतरी," एवढंच. वहिनीकडून खरं कळलं तेव्हा ती तडक तिथे गेली. कारखान्याच्या मागच्याच गल्लीत पत्र्याची शेड. त्याच टाक्या, तेच भाग. फक्त छप्पर डोक्याला टेकेल इतकं खाली, खिडकी नाही, आणि पाण्याला एक पिंप.

"दादा, निघ इथून. आत्ताच्या आत्ता."

"आणि जाऊ कुठे?" त्याचा आवाज अगदी शांत होता. "तुझं चुकलं असं नाही म्हणत मी. पण तुझा कायदा गेटापर्यंत येतो आणि मागे फिरतो."

ती पुन्हा निरीक्षकांकडे गेली. "तीन-चार माणसांची शेड आमच्या कक्षेत बसत नाही हो," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मॅनेजर म्हणाले, ठेकेदाराच्या जागेत आपण कसं नाक खुपसणार? तिने भावाला चांगला चष्मा आणून दिला. वाफेने तो धुरकटायचा, मग भाऊ तो कपाळावर सरकवून काम करायचा.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी जड भाग त्याच्या हातून निसटून टाकीत पडला आणि अ‍ॅसिड उडालं. पिंप कोरडं होतं. शेजारच्या घरातून पाणी आणेपर्यंत उजवा डोळा गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुठे झालं हे?"

ठेकेदार दाराबाहेरच उभा होता. खर्च तो करणार होता, पण एका अटीवर.

"घरी," भाऊ म्हणाला. "मोरी साफ करताना."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "तुम्ही बहीण ना? असंच झालं का?"

तिने तोंड उघडलं. वहिनीने तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखं रुतत होती.

"हो," ती म्हणाली. "घरीच झालं."

बाहेर आल्यावर ती वहिनीला म्हणाली, "मी उद्या राजीनामा देते."

"दे," वहिनी म्हणाली. "मग दोन्ही घरांच्या चुली कशावर पेटवायच्या, तेही सांगून ठेव." आणि ती नवऱ्यापाशी आत गेली.

दुसऱ्या दिवशी हेल्मेटबाई वेळेवर कामावर हजर झाली. दुपारी ठेकेदाराचा टेम्पो आला, धुतलेले भाग उतरवून गेला. भावाच्या जागी आता कोण उभं आहे, हे चालकाला विचारायचं तिला धाडस झालं नाही.