पांढरेसाहेबांची ऑर्डर

पांढरेसाहेबांचं आडनाव पांढरे नव्हतं. रंगाच्या कारखान्यात ते सव्वीस वर्षं पांढऱ्या रंगाची छटा तपासत होते, म्हणून आधी सहकाऱ्यांनी, मग शिपायाने आणि शेवटी पगारपत्रकानेसुद्धा हे नाव त्यांना चिकटवलं. ते बदलून घ्यायचं त्यांच्या मनात कधी आलं नाही. बदलायचं म्हटलं की कुणीतरी विचारणार, मग काय लिहू?

कारखान्यात मात्र त्यांचा शब्द अखेरचा. खिडकीच्या उजेडात रंगवलेले तीन पत्रे शेजारी शेजारी धरून, मान जराशी कलती करून ते सांगत, "हा उबदार आहे. हा थंड. आणि हा तिसरा उबदार असल्याचं सोंग करतोय." तेवढ्यावर आख्खी टाकी माघारी जाई. असा हा माणूस घरी आला, की चपलांबरोबर निर्णयशक्तीही दारातच काढून ठेवत असे.

"जेवायला काय करू?" बायको विचारायची.

"कर काहीही."

"भिंतींना रंग कोणता देऊ या?"

"बघ. काहीही चालेल."

पगार रंगातून येणारा माणूस हे बोलत होता. भिंतींचा रंग अर्थातच बायकोने निवडला. गेली नऊ वर्षं बैठकीची खोली पिस्त्याच्या रंगाची होती आणि साहेब तिच्याकडे पाठ करून पेपर वाचत.

अठ्ठावीस वर्षं हा संसार "काहीही" या एका शब्दावर बिनतक्रार चालला. मग मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, आणि त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात बायकोला चौकातल्या सँडविचच्या दुकानाच्या काचेवर एक कागद दिसला. देशभर ज्याच्या शाखा आहेत असं ते झगझगीत दुकान. कागदावर लिहिलं होतं : काम करायला माणसं हवीत, वयाची अट नाही.

"बाहेर पडून काम करायचं हे कधीपासूनचं माझ्या मनात होतं," ती म्हणाली. "आणि अट नाही असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हटलंय. मी जाणार."

तिला घेतलं, पण महिनाभर चाचणीवर. शेवटच्या शनिवारी वरच्या ऑफिसच्या एक बाई येऊन तासभर नुसत्या बघत बसणार होत्या. ब्रेड विचारल्यापासून चार मिनिटांच्या आत सँडविच गिऱ्हाईकाच्या हातात पडलं पाहिजे, आणि मागितलं तसंच्या तसं पडलं पाहिजे. गुंडाळण्याआधी गिऱ्हाईकाने टोकलं तर दुरुस्ती चालते. गुंडाळल्यावर निघालेली एक चूक म्हणजे आभाराचं पत्र आणि घरचा रस्ता.

बायकोने सराव करायचं ठरवलं. गिऱ्हाईक म्हणून घरात एकच माणूस उपलब्ध होता.

"ब्रेड कोणता घ्याल, सर?" जेवणाच्या टेबलामागे उभं राहून तिने विचारलं. समोर वाट्या मांडल्या होत्या.

"कोणताही."

"कोणताही नाहीये. पांढरा, गव्हाचा, ओट्सचा आणि तीळ लावलेला आहे."

"जो जास्त उरला असेल तो दे."

"अहो, नियम चौथा. गिऱ्हाईकाची निवड कर्मचाऱ्याने करायची नाही. तुम्हीच सांगायचं, नाहीतर मी परत विचारत बसायचं."

"तू कर ना. मी कुणाला सांगणार नाही."

पहिलं सँडविच एक्केचाळीस मिनिटांत झालं. दुसऱ्या खेपेला सॉसपर्यंत पोचता पोचता साहेबांना डुलकी लागली. महिनाभर हेच चाललं, आणि शुक्रवारी संध्याकाळी बायकोने वाट्या आवरल्या.

"उद्या तुम्ही त्या रस्त्यानेसुद्धा जायचं नाही," ती म्हणाली. "तुमच्यासारखं एक गिऱ्हाईक आलं तर माझे बारा वाजले म्हणून समजा. आणि तुम्हीच आलात तर मग विचारायलाच नको."

साहेबांनी कबूल केलं. एवढ्या स्पष्ट सूचना त्यांना नेहमीच आवडत.

शनिवारी साडेदहाला ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर फ्रिजवर बायकोचा चष्मा.

हा चष्मा जवळचं वाचायचा होता. तो नसेल तर बायकोला हातभर अंतरावरचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. आणि दुकानात सॉसच्या बाटल्या एकसारख्या, त्यांतल्या तीन बाटल्यांत सॉस पांढरा, नावं तळाशी बारीक अक्षरांत. हे साहेबांना तोंडपाठ होतं, कारण सरावात तिने ते चारदा सांगितलं होतं. जावं तर वचन मोडतं. न जावं तर नोकरी. ते दोन मिनिटं फ्रिजसमोर उभे राहिले. काय करू हे विचारायला घरात कुणीच नव्हतं. शेवटी त्यांनी चष्मा खिशात टाकला आणि चपला घातल्या.

दुकानात सात माणसांची रांग होती. काउंटरच्या टोकाला उंच स्टुलावर वरच्या ऑफिसच्या बाई बसल्या होत्या. मांडीवर वही, गळ्यात घड्याळ. बायको हिरवी टोपी घालून हातमोज्यांनी टोमॅटो लावत होती. तिने वर पाहिलं. दूध उतू गेल्यावर ती पातेल्याकडे बघते, तसं तिने साहेबांकडे बघितलं.

साहेबांनी चष्म्याचं घर खिशातून अर्धं वर काढून दाखवलं आणि रांगेच्या बाजूने दोन पावलं पुढे सरकले.

"रांगेतून या, सर," स्टुलावरच्या बाई म्हणाल्या.

"मला फक्त हे एवढं द्यायचं होतं."

"तासभर या काउंटरवर फक्त ऑर्डर द्यायची. बाकी सगळं बारानंतर."

"मग ऑर्डर देतो," साहेब म्हणाले, आणि वाक्य तोंडातून गेल्यावर त्याचा अर्थ त्यांच्या लक्षात आला.

ते रांगेच्या शेवटी उभे राहिले. लगेच मागे एक हेल्मेटवाला येऊन उभा राहिला.

"काका, ठरलंय ना तुमचं? नाही, माझी जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आहे. परवा इथे एक आजोबा ऑलिव्ह म्हणजे काय ते विचारत बसले होते."

"मला तसं काही—" साहेब म्हणायला गेले आणि थांबले. सवयीचा शब्द ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला. "ठरतंय," ते म्हणाले.

"ठरवा ठरवा. अजून सहा जण आहेत."

साहेबांनी वरच्या फलकाकडे पाहिलं. अकरा चित्रं, अकरा सँडविच. मला काय आवडतं, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. वर्षानुवर्षं बंद असलेल्या खात्यात फोन लावावा तसं झालं. घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. रांग पुढे सरकली. मग त्यांनी जे येतं ते केलं. मान कलती केली आणि फलकाकडे रंगांचा तक्ता म्हणून बघितलं. तीळवाला ब्रेड उबदार होता. त्याच्या कडेचा तो खरपूस तपकिरी रंग पाहून त्यांच्या तोंडाला चक्क पाणी सुटलं. गव्हाचा ब्रेड पुठ्ठ्यासारखा दिसत होता. म्हणजे पहिला प्रश्न सुटला. साहेबांना आतून कसं हलकं वाटलं. त्यांनी दुसऱ्या प्रश्नाकडे मोर्चा वळवला.

"पुढचे, या सर," बायको म्हणाली. घड्याळ टकन वाजलं. "ब्रेड कोणता घ्याल?"

तिचा आवाज महिनाभराच्या सरावाने थकलेला होता.

"तिळाचा," साहेब म्हणाले.

बायकोचा हात हवेतच राहिला. "तिळाचा?"

"हो. अर्धा. आत भाजलेलं पनीर. चीज पिवळं, ते फिकट नको. आणि टोस्ट करा, कडा जरा जास्त."

मागून हेल्मेटवाल्याने समाधानाचा हुंकार दिला. बायकोने ब्रेड कापला, भरला, भट्टीत ढकलला. मान खाली होती, तरी तिच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या साहेबांना दिसल्या. ही छटा त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

ब्रेड बाहेर आला. "भाज्या कोणत्या, सर?"

"टोमॅटो, काकडी, सिमला मिरची. कांदा नको."

"कांदा नको?"

"नको."

"कधीपासून?"

हा प्रश्न कंपनीच्या यादीत नव्हता. स्टुलावरच्या बाईंनी वर पाहिलं.

"पहिल्यापासून," साहेब म्हणाले.

आता यामागची हकीकत अशी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोने पाहिलं, की हा माणूस ताटातला कच्चा कांदा सगळ्यांत आधी संपवतो. आवडत असणार, म्हणून तिने आणखी वाढला. तोही त्याने आधी संपवला. तेव्हापासून रोज, दोन्ही वेळा, न चुकता.

बायकोने टोमॅटो लावला. काकडी लावली. सिमला मिरची पसरली. आणि मग तिचा उजवा हात, अठ्ठावीस वर्षांच्या वळणाने, आपोआप कांद्याच्या डब्यात गेला आणि मूठभर चकत्या घेऊन वर आला. डोकं अजून "पहिल्यापासून" या शब्दाशीच अडलं होतं. हाताला कुणी काही कळवलंच नव्हतं.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

साहेबांना ते दिसलं. आयुष्यात त्यांनी ताटात पडलेल्या गोष्टीला कधी नाव ठेवलं नव्हतं. पडेल ते खाल्लं होतं, करपलेलंसुद्धा. आताही खाता आलं असतं. फक्त नंतर ती घरी बसली असती. मूठ ब्रेडवर आली. बोटं सैल होऊ लागली.

"कांदा नको म्हटलं होतं मी," पांढरेसाहेब म्हणाले. आवाज कारखान्यातला होता. टाकी परत पाठवतानाचा.

मूठ घट्ट मिटली. मग मूठ डब्याकडे परत गेली, आणि एक चकती काउंटरवर पडली होती तीही तिने उचलून नेली.

"माफ करा, सर. सॉस कोणता?"

साहेबांच्या खिशात चष्मा होता आणि समोर तीन पांढऱ्या बाटल्या. चौथी मोहरीची, पिवळीधमक. ती आंधळ्यालाही सापडली असती. खरं म्हणजे साहेबांना लसणाचा हवा होता. मंगळवारी बायकोने त्या उबदार पांढऱ्या सॉसची नमुन्याची पुडी घरी आणली होती, आणि ती पाठमोरी असताना त्यांनी चमचा दोनदा चाटला होता.

"मोहरीचा द्या," ते म्हणाले.

बायको पुढे झुकली. "सर, तुम्हाला हवाय तो सांगा," ती हळूच म्हणाली. "सोयीचा नको."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "लसणाचा," ते म्हणाले.

बायकोने तिन्ही बाटल्या उचलल्या. तळाशी लिहिलेल्या नावांकडे बघितलंही नाही. काचेतून येणाऱ्या उजेडात त्या शेजारी शेजारी धरल्या आणि मान जराशी कलती केली.

"हा थंड," ती पुटपुटली. "हा सोंग करतोय." आणि तिसरी बाटली उलटी करून तिने सँडविचवर दोन सरळ रेघा ओढल्या.

लसणाचा वास साहेबांपर्यंत आला. सव्वीस वर्षं जेवताना ते पांढऱ्या रंगाबद्दल बोलत आले होते. ती तेव्हा भाजी ढवळत असायची, फोनवर असायची, मुलीचा अभ्यास घेत असायची. ऐकायला कुणी नाहीच, अशी त्यांची ठाम समजूत होती.

सँडविच गुंडाळून हातात पडलं. घड्याळ टकन वाजलं.

"तीन मिनिटं एक्कावन्न," स्टुलावरच्या बाई म्हणाल्या.

"चला, काका, मस्त," हेल्मेटवाला म्हणाला आणि एका दमात दहा उत्तरं देऊन मोकळा झाला.

बारा वाजून पाच मिनिटांनी बाईंनी वही मिटली. खिडकीजवळच्या टेबलावर साहेब बसले होते, त्यांच्याकडे एकदा पाहून त्यांनी बायकोला विचारलं, "ते तीळवाले गृहस्थ. तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"मला वाटत होतं, आहेत म्हणून," बायको म्हणाली.

बाई हसल्या नाहीत, पण वहीत काहीतरी लांबलचक लिहिलं. "सोमवारपासून सकाळची पाळी," त्या म्हणाल्या. "आणि तो चष्मा गळ्यात अडकवायची दोरी घ्या. मी मघाच पाहिला त्यांच्या खिशात."

बायको टोपी काढून साहेबांच्या समोर येऊन बसली. साहेब शेवटच्या घासावर होते. हनुवटीला उबदार पांढरा ठिपका लागला होता.

"अहो, मला तर वाटायचं, तुमचा जीव आहे कांद्यावर."

"आधी संपवून टाकला की मग निवांत जेवता यायचं."

"आणि मी परत वाढायचे."

"हो."

"अठ्ठावीस वर्षं डोळ्यांतून पाण्याच्या धारा काढत कापला मी तो. मला स्वतःला आवडत नाही, माहितीये? घरात कुणालाच आवडत नव्हता आणि आठवड्याला दोन किलो आणत होतो." ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, आणि मग साहेबही हसले, इतके की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं.

मग बायकोने एप्रनच्या खिशातून ऑर्डर लिहायचं पॅड काढलं. साहेबांनी चष्मा पुढे केला. तो डोळ्यांवर चढवून तिने पेन उघडलं.

"सांगा," ती म्हणाली. "आणखी काय काय नकोय? सावकाश सांगा. आता घड्याळ नाही."

पांढरेसाहेबांनी हनुवटी पुसली, खुर्ची पुढे ओढली आणि मान जराशी कलती केली.

"आधी भिंती," ते म्हणाले.