पातेल्यातला पाऊस

पिशव्या दारात, कुलूप काकूंच्या हातात, आणि पाऊसकाका पुन्हा अंगणात. नळकांड्यासारखं ते पाऊस मोजायचं माप एकदा डोळ्यांखालून घातल्याशिवाय त्यांचा पाय निघेना. खरं तर आता त्यात मोजण्यासारखं काही राहिलं नव्हतं. शेजारीच नवं यंत्र बसलं होतं. ते आपलं आपण मोजायचं आणि कार्यालयाला कळवायचंही. काकांना निवृत्त होऊन आठवडा झाला होता.

"अहो, तुम्ही नसलात तरी पडेल हो तो," काकू म्हणाल्या.

इतकी वर्षं त्यांनी लेकीकडे एकटीने फेऱ्या मारल्या. नातीच्या जन्मालासुद्धा एकटीच. रोज सकाळी ठरल्या वेळी माप बघायचं, त्यावरून खालच्या गावांना पुराचा इशारा जायचा; नवरा जागचा हलेल कसा? पाऊस ही आपली सवतच, असं काकू हसत सांगायच्या, पण एकटीने गाडीत बसताना हसू यायचं नाही. लग्नाच्या नव्या नवलाईत एकदा त्यांनी ओली चादर मापाच्या वरच वाळत टाकली होती. स्वच्छ उन्हात पाऊस नोंदला गेला, वरून विचारणा झाली, आणि काका दोन दिवस बोलले नाहीत. त्या दिवसापासून मापाच्या आसपास रुमालही वाळला नाही.

लेकीकडे यायला काका तयार झाले, पण एकाच रात्रीसाठी. काकूंना निदान आठवडा तरी हवा होता. हा माणूस उद्या तोंड पाडून पिशवी उचलणार, या धास्तीने तिथे पोचल्यावर त्यांना जेवण गोड लागेना. संध्याकाळी आभाळ भरून आलं तेव्हा त्यांनी गुपचूप लेकीच्या स्वयंपाकघरातलं पातेलं उचललं आणि गच्चीवर नेऊन ठेवलं. मोजायला काहीतरी मिळालं तर रमेल बिचारा.

रात्री पाऊस झाला. सकाळी लख्ख ऊन पडलं. काका गच्चीवर गेले, मागोमाग काकू. पातेलं बघून ते थबकले. काकूंच्या आत्ता लक्षात आलं, पातेलं वर पसरट आणि खाली निमुळतं होतं. माप सरळ भिंतींचं हवं, पसरट भांडं खोटं बोलतं, हे त्यांनी नवऱ्याच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं. झालं, आता व्याख्यान आणि मग पिशवी.

काकांनी वाकून पाण्यात बोट बुडवलं.

"किती पडला हो?" काकूंनी भीत भीत विचारलं.

"भरपूर," काका म्हणाले.

उभ्या जन्मात हा शब्द त्यांनी पावसासाठी वापरला नव्हता. तेवढ्यात खालून नातीने आजोबांना हाक मारली, उद्या शाळेत सोडायला येणार ना म्हणून विचारलं. उद्याच काय, रोज येतो, असं काकांनी वरूनच सांगून टाकलं.

काकू सुखावल्या. मनासारखं झालं होतं, तरी त्यांचा जीव उगाच कालवला.

अंघोळ करून काका परत वर आले. हातातला ओला टॉवेल त्यांनी दोरीवर टाकला, नेमका पातेल्याच्या वर. टॉवेलचं पाणी टपटप पातेल्यात पडू लागलं. काकू टॉवेल सरकवायला पुढे झाल्या.

"राहू दे गं," काका म्हणाले, आणि पायऱ्या उतरू लागले.