तिसरी डिस्क

बुरुलायच्या हातचा चहा पोटात गेल्याशिवाय दूलोतबेकचा हात कामाला लागत नसे. चुय खोऱ्यातल्या त्या शहरात घरं उबदार ठेवायला घरोघरी गरम पाणी सोडणारी एक खाजगी कंपनी होती. तिथला तो सगळ्यांत जुना माणूस. वयानं मोठा म्हणून सगळे त्याला बायके म्हणायचे, आणि तो ते मोठेपण सुरवा ओरपावा तसं ओरपायचा.

बुरुलाय युनिक्सचा सर्व्हर सांभाळायची. कुठला पंप चालू, कुठल्या नळात किती दाब, सगळं त्या सर्व्हरवर दिसायचं. पण त्याच्या डिस्क त्याच्या पोटात नव्हत्या. त्या पलीकडच्या इमारतीतल्या मोठ्या कपाटात, आणि तिथून तारेनं ह्याला जोडलेल्या. कपाटाचा धनी दूलोतबेक.

जुनी डिस्क काढायची तर रीत ठरलेली होती. आधी सर्व्हरनं तिच्यावर लिहायचं थांबवायचं, तिला उतरवायचं, तिच्याकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा विसरायच्या. मग बुरुलायनं तोंडानं म्हणायचं, "सोडलं." त्यानंतर दूलोतबेकनं कपाटातून ती काढायची, आणि काढली तरी लगेच पुसायची नाही, काही दिवस बाजूला ठेवायची. आशीर्वाद होऊन माणसं उठल्याशिवाय कुणी जेवणाचं दस्तरखान गुंडाळतं का? तितकी साधी गोष्ट.

गेल्या पानगळीत त्यानं एक डिस्क विचारल्याशिवायच ओढली. सर्व्हर ती गेलेली डिस्क शोधत बसला आणि गोठला. नशीब, बंद करून चालू केल्यावर उठला. कंपनीची मालकीण कानिशाय, जिला सगळे एजे म्हणजे ताई म्हणत, तावातावानं आली तेव्हा हा बेरड छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी विचारलं होतं हो. ही गप्प होती. लहान माणूस मोठ्यापुढे गप्प बसलं म्हणजे हो. आपल्यात एवढी रीत तरी उरली आहे ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. रीतीला कोण नाही म्हणणार? बुरुलायचं वरचं पद गेलं, सर्व्हर तेवढा गळ्यात राहिला, आणि वर पोरगी चहावाली झाली ती झालीच.

आता जानेवारी होता. बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती. जुन्या डिस्क शनिवारी काढायचं ठरलं, आणि नेमकं त्याच दिवशी दूलोतबेकच्या नातीच्या पहिल्या पावलाचा सोहळा होता. पोरीच्या पायांना काळापांढरा धागा बांधायचा, मुलांनी शर्यत धावायची, जिंकेल त्यानं धागा कापायचा. दुसरा कुणी असता तर काम पुढे ढकलता. हा म्हणाला, "लॅपटॉपवरून घरूनच काढतो, बोलायला फोन आहेच. पाहुण्यांना पण कळू दे मी काय करतो ते."

कानिशाय एजे बुरुलायच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. "दोघं ऐका. ह्या वेळी ज्याच्या हातून बिघडेल, त्यानं सोमवारी माझ्या दारात दिसायचं नाही. मग तो बायके असो की आणखी कुणी."

पहिली डिस्क. "सोडलं का गं?"

"सोडलं, बायके."

दुसरी पण तशीच गेली. तिसरीला पडदा म्हणाला, वापरात आहे. दाबाची नोंद करणारा एक प्रोग्रॅम तिला अजून चिकटून होता. थोडं थांबलं की त्याला सोडवता आलं असतं. फोनमधून कोमुझच्या तारा झणझणत होत्या, बायका खिदळत होत्या.

"अगं पोरी, सोडलं का? इकडे धागा कापायचा खोळंबलाय. पोरं केव्हाची धावायला उभी आहेत."

बुरुलायनं तोंड उघडलं. तेवढ्यात तो पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "हिला विचारायचं म्हणजे मेंढीला दार लावायला सांगायचं. चहा तेवढा उतू जाऊ देत नाही हो!"

फोनमध्ये हशा पिकला. कानिशाय एजेच्या पण ओठाचा कोपरा हलला.

बुरुलायनं तोंड मिटलं. एकदा गोठेल, बंद करून चालू केला की उठेल, आणि थेरड्याचं नाक भर मांडवात कापलं जाईल, असा तिचा हिशेब.

"ऐकू येतंय का? बरं, गप्प म्हणजे हो. ही काढली. पुसलीपण! चला रे, धावा!"

पडद्यावरचा एकेक आकडा जागच्या जागी थांबला. एजेला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बुरुलायचा चेहरा कळला.

"तू हो म्हणालीस?"

"नाही, एजे."

"मग नाही म्हणालीस?"

"तेही म्हणाले नाही."

एजेनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग फोनकडे वाकून म्हणाली, "दूलोतबेक, नातीचा धागा कापून झाला की सावकाश जेव. सोमवारी यायची घाई नाही. मंगळवारीही नाही. कधीच नाही."

कोमुझ थांबला. "पोरी," फोनमधून आवाज आला, आता अगदी बारीक, "पोरी, तू सांगायचंस ना गं..."

"मी लहान, बायके. तुमच्यापुढे कशी बोलू?"

एजे उठली. "त्याची खुर्ची तुझी. आणि आजपासून तुझ्या गप्प बसण्याला मी भिऊन राहीन, समजलं?"

पण सर्व्हर उठला नाही. चालू होता होता तो ती पुसलेली डिस्क मागत बसला, आणि बुरुलाय दिवसभर त्याची समजूत काढत राहिली. तेवढा वेळ पंपवाल्यांच्या डोळ्यांपुढे अंधार. पूर्वेचा पंप कधी बंद पडला, कुणाला दिसलंच नाही. संध्याकाळी त्या बाजूच्या रेल्वे वस्तीत पाणी गोठून नळ तडकले.

रेल्वे वस्तीत बुरुलायची आई राहायची.

बुरुलाय पोचली तेव्हा म्हातारी दोन कोट आणि रजई पांघरून बसली होती. वाडग्यातल्या पाण्यावर पापुद्रा धरला होता. ओठ निळे पडले होते, पण जीभ गरम होती.

"कुणाच्या हातून झालं गं हे?"

"दूलोतबेक बायकेंच्या."

"तुला चहावाली करणारा तोच मेला? आज त्याच्या नातीचं पाऊल होतं ना? ती पोर जन्मात उभी राहू नये! पाय लुळे पडोत तिचे!"

बुरुलाय तिच्यापुढे गुडघे टेकून बसली. दिवसभर उपाशी होती.

"अशी गप्प का? खरं बोलतेय ना मी? त्याचंच पाप ना हे?"

बुरुलायनं रजईची कड आईच्या पायांखाली नीट खोचली. तोंड उघडलं, आणि मिटलं.

"बघ," म्हातारी समाधानानं म्हणाली, "माझी पोर पण हो म्हणतेय."