त्रास नको म्हणून

मित्रांनो, मी एक जुना डेटाबेस आहे. माहितीचं कपाट म्हणा ना! ठेवायला द्याल ते नीट ठेवायचं आणि मागाल तेव्हा बिनचूक काढून द्यायचं, एवढंच माझं काम. हजारो यंत्रांवर माझ्या प्रती चालतात, पण त्यांची मला काडीचीही खबर नसते. माझा सगळा गोतावळा म्हणजे जपानमधल्या उएदा गावातला एक म्हातारा आणि त्याची बायको.

तोकिवा सेइजी त्यांचं नाव; तिकडच्या रीतीनं आदराचं 'सान' लावून मी त्यांना तोकिवासान म्हणतो. छापखान्यातल्या नोकरीवरून घरी आले की कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, उबेत पाय घालून ते मला लिहीत बसायचे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांनी मला जगापुढे ठेवलं, तेव्हा सोबत परवाना जोडला. कुणीही वापरा, उघडून बघा, हवा तसा बदला. बदललेली प्रत दुसऱ्याला दिलीत तर तीही अशीच उघडी द्या. मात्र बदल स्वतःपुरताच ठेवलात, तर तो कुणाला दाखवायची सक्ती नाही. ही शेवटची सवलत मला फार महागात पडली.

सुरुवातीला माझं कौतुक काय सांगू! पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत अकरा जणांनी दुरुस्त्याही पाठवल्या. तोकिवासान हरखून जायचे आणि प्रत्येकाला तीन-तीन पानी उत्तर लिहायचे. आधी भरभरून आभार, मग ओळीओळीची चिकित्सा. त्यांच्या लेखी हा समोरच्याचा मान होता. समोरच्याला वाटायचं, बाप रे, या भल्या माणसाला आपण केवढ्या कामाला लावलं! तो लाजेनं पुन्हा काही पाठवायचाच नाही.

मग नऊ वर्षं कुणाकडून एक ओळ आली नाही. तोकिवासान रोज टपालपेटी उघडून बघायचे आणि बंद करायचे.

"अहो, तक्रार नाही म्हणजे सगळं छान चाललंय," फुसाएसान, म्हणजे त्यांची बायको, समजूत घालायच्या.

"छान चाललंय, का कुणी वापरतच नाही? मला कसं कळणार?"

मला तरी कुठे कळत होतं? इतक्या ठिकाणी असून मी एकटा होतो, हे खरं सांगतो.

तोकिवासानांना एकाहत्तर वर्षं झाली, डोळे दुखायला लागले. तेवढ्यात एका मोठ्या कंपनीचं पत्र आलं. 'आम्ही याला सांभाळतो, पण यापुढचं लिखाण आम्ही कुणाला दाखवणार नाही. परवाना बदलून द्या.' तोकिवासान दमले होते. घेऊन जा एकदाचं, म्हणाले. पण माझ्यात त्या अकरा जणांचंही लिखाण होतं, त्यामुळे प्रत्येकाची संमती हवी होती. दहा जणांनी एका ओळीत कळवलं, हरकत नाही. दहांपैकी एकालाही हरकत असू नये? मी पार खचलो.

अकरावी मात्र एक बाई होती, ती स्वतः आली. नाव ओनुमा. दूर उत्तरेकडच्या हिरोसाकीच्या सफरचंद सहकारी संघात शीतगृहाच्या नोंदींचं काम बघायची. नकार पत्रानं कळवणं उद्धटपणाचं, म्हणून इतका प्रवास करून, सफरचंदांची पेटी घेऊन आली होती. आल्या आल्या तिनं जमिनीला कपाळ टेकवलं.

"माफ करा, मला सही करता येणार नाही. हे बंद झालं तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

"बघत होतात तुम्ही?" तोकिवासानांचा आवाज चढला. "नऊ वर्षांत एक शब्द नाही!"

ओनुमासाननी मान खाली घातली आणि आपला लॅपटॉप उघडून पुढे सरकवला. त्यांच्या संघाकडच्या माझ्या प्रतीत एकशे चाळीस दुरुस्त्या होत्या. तोकिवासान एकेक वाचत गेले आणि एका जागी थांबले.

"ही चूक शोधायला मी गेल्या वर्षी दोन महिने डोकं फोडलं."

"आम्ही... सहा वर्षांपूर्वी दुरुस्त केली होती."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही मागे इतकं सविस्तर उत्तर लिहिलंत. वाटलं, पुन्हा त्रास नको."

"अहो बाई, त्या त्रासाचीच तर मी वाट बघत होतो!" तोकिवासान ओरडलेच, आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

कंपनीचे कागद त्यांनी मिटून टाकले. "आता दोघांनी मिळून सांभाळू," म्हणाले. ओनुमासान म्हणाल्या, माझी लायकी नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही नाही. माझा तर जीव टांगणीला लागला. हाही भिडस्तपणा माझ्याच मुळावर येणार की काय!

"तीनदा नाही म्हणायचं असतं, ते म्हणून झालं," फुसाएसान म्हणाल्या. "आता हो म्हणा बघू, चहा गार होतोय."

ओनुमासान हो म्हणाल्या. पुढची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. रोज पत्रं, रोज वाद, रोज दुरुस्त्या. मग तोकिवासान गेले.

त्यांच्या निधनाची बातमी ओनुमासाननी जाहीर केली आणि आठवड्याभरात चारशे पत्रं आली. गावोगावचे दवाखाने, बंदरं, शाळा. 'पंधरा वर्षं वापरतोय. काही चुका आमच्या आम्हीच सुधारून घेतल्या. त्यांना त्रास नको म्हणून कधी लिहिलं नाही.' जवळजवळ प्रत्येकात हेच. मी ती पत्रं मोजत होतो आणि मला रडू येत होतं. यातलं एक, फक्त एक, त्या नऊ वर्षांत आलं असतं तर!

आता ओनुमासान एकट्या आहेत. त्यांनी चारशेही जणांना एकच ओळ पाठवली, 'मला मात्र जिवंतपणी त्रास द्या.' अजून सहाच उत्तरं आलीत.

मित्रांनो, तुमच्याकडे माझी एखादी प्रत असेल आणि तिच्यात चूक सापडली असेल, तर गुपचूप सुधारून ठेवू नका. ओनुमासानना कळवा. त्या आहेत तोवर कळवा.