थंडी वाजत नाही

या, असे पुढे या. मागे भिंतीला टेकलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट अर्धवट झोपेत ऐकली तर कुलूपकाकांवर अन्याय होईल. गोष्टीत राजा नाही, राक्षस नाही. एक कुलूपवाला आहे, एक मावशी आहे आणि एक थंडी आहे. मन लावून ऐका, शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे.

आधी ती थंडी कुठली ते सांगायला हवं. ज्यांची मूत्रपिंडं थकलेली असतात, त्यांचं रक्त दंडातून नळीने बाहेर काढतात, यंत्रात धुतात आणि दुसऱ्या नळीने परत आत सोडतात. दिवसाआड, सकाळभर. आता रक्त बाहेर फिरून येतं, ते येताना गारवा घेऊन येतं. बाहेर ऊन पोळत असलं तरी पलंगावरचा माणूस आतून काकडत असतो. पांघरुणं वरून घालतात. ही थंडी हाडातून निघते.

कुलूपकाका अशा पलंगांपैकी खिडकीजवळच्या पलंगावर असायचे. एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं किल्ल्या करायचं दुकान होतं. साबणावर किल्लीचा ठसा उठवून आणणाऱ्याला त्यांनी जन्मात किल्ली करून दिली नाही. "कुलूप आणा, नाहीतर घरमालक आणा," एवढं बोलून ते कानस पुन्हा हातात घेत. चाळीस वर्षं असं केल्यावर संशय धंद्यात राहत नाही, अंगात उतरतो. काकू म्हणायच्या, "हे डोळे मिटून देवाचं नाव घेतात ना, तेव्हासुद्धा एक डोळा दाराच्या कडीवर असतो."

पण या माणसाचा मावशींवर विश्वास होता. मावशींचं काम म्हणजे चादरी बदलायच्या, माणसांना वजनकाट्यावर उभं करायचं, सांडलेलं पुसायचं. ऊब देणं हे कुणाच्याच कामात नव्हतं. त्यांनी घरून एक लाल रबरी पिशवी आणली होती. ती गरम पाण्याने भरायची, उशीच्या अभ्र्यात गुंडाळायची आणि पलंगापलंगावर पायांशी फिरवायची, असा त्यांचा क्रम.

"पाय द्या इकडे, काका," त्या म्हणत. "अगंबाई, एवढे गार? काकू घरात घेतात कशा तुम्हाला?"

"मी आत गेल्यावर ती पंखा बंद करते," काका म्हणत.

मंडळी, देव कुणाच्या हातात काय देतो ते सांगता येत नाही. कुणाला वीणा देतो, कुणाला रबरी पिशवी.

एके दिवशी वॉर्डच्या दारावर कागद लागला. बाहेरच्या वस्तू आत आणू नयेत, आढळल्यास संबंधितांवर कारवाई होईल. त्याच आठवड्यात सर्व्हेवाली मुलगी आली. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, चेहरा हसरा. काकांना कागद आणि मुलगी एकाच झुडपातून निघालेली वाटली.

"नमस्कार काका. रुग्णांना इथे कसा अनुभव येतो, त्याचा सर्व्हे आहे. नाव लिहीत नाही आम्ही."

"मग पलंगाचा नंबर कशाला बघितलास आत्ता?"

ती जरा गोंधळली. "तेवढं लागतं. कोण बोललं ते कुणाला कळत नाही."

"खिडकीजवळच्या पलंगावर मी सोडून कोण झोपतं? बरं, तुला पाठवलंय कुणी?"

"हॉस्पिटलनेच, पण आमची संस्था बाहेरची आहे."

"म्हणजे माहेरचीही तू आणि सासरचीही तूच."

शेजारच्या पलंगावरच्या बाई खुदकन हसल्या. शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या या बाईंना अजून सगळे बाईच म्हणायचे. मुलगीही हसली आणि विचारू लागली. स्वच्छता कशी आहे, डॉक्टर नीट बोलतात का, टीव्ही चालतो का. टीव्ही बंदच आहे, असं काकांनी सांगितलं. टीव्हीत लपवण्यासारखं काही नव्हतं. मग ती म्हणाली, "उपचार चालू असताना थंडी वाजली किंवा अस्वस्थ वाटलं, तर कर्मचाऱ्यांकडून मदत मिळते का? कुणाकडून? काय करतात?"

काकांच्या मनात शटर खाली आलं. त्यांना वाटलं, हाच तो साबण. मऊ मऊ हाताने दाबायचा, ठसा उठवायचा आणि उद्या त्यावरून मावशींची नोकरी घालवायची किल्ली बनवायची.

"थंडी वाजत नाही," काका म्हणाले. त्या वेळी ती पिशवी त्यांच्या पायांशीच होती.

"कधीच नाही?"

"कधीच नाही. उलट उकडतं."

बाकीच्यांना ती पुढच्या खेपेला विचारणार होती. त्या खेपेला, यंत्रावर जायच्या आधी, वजनासाठी सगळे ओळीत उभे असताना काकांनी हळूच बजावलं, "थंडीचं नाव कुणी काढायचं नाही. मावशींच्या मागे लागलेत हे लोक."

"मी खोटं बोलू?" बाई म्हणाल्या. "या वयात?"

"खोटं कशाला? विचारलं तर सांगायचं, वाजत नाही."

"तेच खोटं असतं."

"देव माफ करील, बाई. हॉस्पिटल करणार नाही."

दारापासच्या पलंगावरचे बसड्रायव्हर म्हणाले, "मी तर सांगतो, घाम येतो. संपवून टाकू विषय." सगळे पटकन कबूल झाले. आजारी माणसं एका गोष्टीवर एकमत झालेली तुम्ही क्वचितच पाहिली असतील. इथे झाली, कारण प्रत्येकाचे पाय त्या पिशवीला ओळखत होते. बाईंनीसुद्धा त्या मुलीकडे न बघता, छताकडे बघून उत्तर दिलं.

त्या संध्याकाळी काका घरी खुशीत होते. काकूंना सगळं सांगितलं. काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आणि ती पोर खरंच विचारपूस करायला आली असेल तर?"

"विचारपूस करणारे टॅब घेऊन येत नाहीत."

"तुम्ही मला बघायला आलात तेव्हा खिशात टेप घेऊन आला होतात. दाराच्या कुलपाचं माप घ्यायला. मी केलंच ना लग्न?"



महिना उलटला. एका सकाळी वॉर्डात नवा टीव्ही लागलेला होता, भला मोठा. ड्रायव्हर खूष. काकांचे पाय गार पडायला लागले तशी त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. मावशी आल्या नाहीत. शेवटी त्यांनी मोठ्या सिस्टरला विचारलं.

"त्यांची बदली झाली खाली लाँड्रीत," सिस्टर म्हणाल्या. "सर्व्हेत आलं ना, या वॉर्डात पेशंटना वेगळी मदत लागतच नाही. थंडी नाही, अस्वस्थता नाही. वरचे म्हणाले, मग मदतनीस कशाला अडकवून ठेवायची? चादरी काय, कुणीही घालेल." आणि जाता जाता म्हणाल्या, "मला नवल वाटलं खरं. पण तुम्ही सगळ्यांनीच सांगितलंत."

टीव्हीवर कुणीतरी साबणाची जाहिरात करत होतं.

यंत्रावरून सुटल्यावर डोकं हलकं होतं, पावलं सरळ पडत नाहीत. तसेच काका भिंत धरत धरत खालच्या मोठ्या दालनात गेले. सर्व्हेवाली मुलगी तिथे सामान आवरत होती.

"माझं उत्तर बदलायचंय," काका म्हणाले. "थंडी वाजते. मरणाची वाजते."

ती उभीच राहिली. "काका, मग तेव्हा का नाही सांगितलंत? कुणाचं काम कागदावर दिसत नाही, तेच तर शोधायचं होतं आम्हाला. म्हणून मुद्दाम विचारलं, कुणाकडून मदत मिळते."

"मला वाटलं, पकडायला आलीस."

"आता सर्व्हे बंद झाला. आकडे वर गेले." तिचा आवाज खाली आला. "पुढच्या वर्षी मीच येणार आहे. तेव्हा सांगा. नक्की लिहीन."

"पुढच्या वर्षी," काका म्हणाले. "माझा पलंग असेल. मी असेन की नाही, ते तुझ्या टॅबला विचार."

तिथून ते तळघरात गेले. लाँड्रीत वाफेने भिंती ओल्या होत्या. मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या. काकांनी सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही. मावशींनी घडी पुरी केली, हाताने दाबली.

"म्हणजे मला वाचवायला गेलात होय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला सगळ्यांना माझा कंटाळा आला."

हे वाक्य काकांना त्या सुयांपेक्षा जास्त लागलं.

"पिशवी कुठे आहे?"

"घरी नेली. वर आणायची सोय नाही आता. जा तुम्ही, काका. जिना नका चढू, लिफ्टने जा. आणि तोंड असं करू नका, इथे चांगली ऊब आहे."

पुढच्या खेपेला काका पलंगावर टेकले आणि दचकले. चादर गरम होती. नुसती कोरडी नाही, गरम, आत्ता यंत्रातून काढल्यासारखी. आजवर चादरी आदल्या संध्याकाळी वर यायच्या आणि रात्रभर कपाटात गार व्हायच्या. त्या दिवशी लाँड्रीची गाडी लिफ्टमधून ऐन वेळेवर आली होती. एक चादर खाली, एक पांघरायला. बाईंनी गालाशी धरली. ड्रायव्हरने टीव्हीचा आवाज कमी केला. रक्त फिरायला लागल्यावर वाजायची ती थंडी वाजलीच, पण उशिरा आली आणि भीत भीत आली.

"हेही सांगायचं नाही का कुणाला?" बाईंनी विचारलं.

"विचारलं तर सांगायचं," काका म्हणाले.

पुढे वर्षभर चादरी गरम येत राहिल्या. कुणी मावशींना वर बोलावलं नाही, कुणी शाबासकी दिली नाही. काका मात्र सुटल्यावर कधी कधी तळघराच्या दारापर्यंत जात. तिथल्या कपाटाचं कुलूप अडायचं, तेवढं तेल घालून येत. बोलणं फार होत नसे.

मग वर्ष फिरलं. काका होते. बाईंचा पलंग दुसऱ्या कुणाला मिळाला होता. आणि ती मुलगी आली, तोच टॅब, तोच हसरा चेहरा. काकांच्या पलंगापाशी येऊन ती जरा थांबली.

"काका, ओळखलंत?"

"बस," काका म्हणाले. "थंडीचा प्रश्न आधी घे."

तिने विचारला. काकांचा एक हात यंत्राला बांधलेला होता. दुसऱ्या हाताने त्यांनी छातीवरच्या चादरीचं टोक उचललं आणि तिच्यापुढे केलं.

"हातात धर."

तिने धरलं. "गार आहे."

"आज पहिल्यांदा गार आली. काल निवृत्त झाल्या त्या. मला लिफ्टवाल्याकडून कळलं, सकाळी." "आता लिही. मदत मिळायची. मी सांगतो तसं लिही, घाई करू नकोस."

ती लिहीत राहिली. टॅबवरची जागा संपली, तेव्हा तिने पिशवीतून वही काढली. चादरीचं टोक मात्र तिने मांडीवर तसंच धरून ठेवलं होतं.

मंडळी, एवढीच गोष्ट. आज झोपताना पांघरूण अंगावर ओढाल आणि ते हळूहळू ऊबदार होईल. तेव्हा देवाचं नाव घ्यालच. त्याच्या मागोमाग, जमलं तर, चादरींच्या घड्या घालणाऱ्या त्या मावशींची आठवण करा.