ऑरिन स्टॉकिंगचं 'नाही'

मार्चमधल्या ग्रामसभेला ऑरिन स्टॉकिंग येणार, मागच्या रांगेत बसणार आणि कर वाढवायचा ठराव आला की 'नाही' म्हणून गरजणार, हे अख्ख्या गावाला पाठ होतं. बर्फ काढायच्या ट्रकला नाही, वाचनालयाच्या छपराला नाही, सगळ्यालाच नाही. त्याच्या लेकीला, व्हर्नाला, या गोष्टीची शाळकरी वयापासून लाज वाटत आलेली. आणि आता तीच शाळा समितीची अध्यक्ष होती.

यंदाचा ठराव साधा होता. घरपट्टी वाढवायची, नाहीतर गावची शाळा उन्हाळ्यात बंद आणि पोरं बसमध्ये कोंबून डोंगरापलीकडे. व्हर्ना ज्या शाळेत शिकली, जिथे तिची आई मरेपर्यंत मुलांना वाचायला शिकवत होती, ती शाळा.

ठराव जेवणानंतर घ्यायचा, ही व्हर्नाचीच युक्ती. बीन्स, हॅम आणि वर ॲपल पाय पोटात गेला की माणसं मऊ पडतात, असा तिचा होरा. होरा चुकीचा नव्हता, फक्त बाई आभाळाकडे बघायला विसरली. रात्रभर कडाक्याची थंडी आणि सकाळी लख्ख ऊन! मेपलच्या झाडांना काकवीचा गोड रस धो धो सुटला. जेवणं उरकतात न उरकतात तोच टेकडीवरच्या गुऱ्हाळांतून वाफ दिसू लागली आणि तरणे आईबाप एकेक करून कोट उचलून पसार झाले. रस सभेसाठी थांबत नाही. झाडांना टांगलेल्या बादल्या भरून वाहतात, आणि जाळ सोडून उठलं तर कढईतली काकवी करपते. गुऱ्हाळवाल्याच्या लेकीने हे विसरावं म्हणजे कमालच झाली.

शाळेच्याच व्यायामशाळेत व्हर्ना माईकपुढे उभी राहिली तेव्हा समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. उरलेले बहुतेक पिकल्या केसांचे, हाताची घडी घालून बसलेले. आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतलाय, हे तिला कळलं.

"हात वर करून मतं घेऊ या, आटपून टाकू," सभाध्यक्ष लायल बॅचेल्डर म्हणाला.

मागच्या रांगेत शेजारी बसलेल्या जुन्या दोस्ताने, डेक्स्टरने, ऑरिनला कोपर मारलं. "जिंकलास की रे! जन्मात पहिल्यांदा."

ऑरिन गुडघे दाबत उठला. "लायल, थांब. मला मताच्या चिठ्ठ्या हव्यात. आणि पेटी चारपर्यंत उघडी राहू दे."

"कशाला? हात वर केले तर तुझीच बाजू जड दिसतेय."

"तेच खटकतंय मला. ज्यांची पोरं इथं शिकतात ते तिकडे जाळाशी बसलेत. रिकाम्या खुर्च्यांना हरवून आलो, हे बायकोच्या थडग्यापाशी कसं सांगू?"

"म्हणजे मत बदललं तुझं?"

"डोकं ठिकाणावर आहे माझं. कर तो कर. नाहीच टाकणार."

चिठ्ठ्या हव्या असतील तर सात जणांनी उभं राहावं लागतं. मागची रांग कुरकुरत, शिव्या घालत, पण उठली.

ऑरिनने पहिली चिठ्ठी टाकली आणि कोट चढवला.

"कुठे निघालात बाबा?" व्हर्नाने विचारलं.

"नॉरक्रॉसच्या पोराच्या कढईवर. डेक्स्टर, चिठ्ठी टाक आणि पलीकडच्या गुऱ्हाळात जा. फेस उतू आला तर लोण्याचा कण टाक, तोंड बघत बसू नकोस. बाकीच्यांनीही एकेक कढई धरा."

"आणि आपला रस?" व्हर्ना म्हणाली.

"वाहू दे."

थोड्याच वेळात दारात केलेब नॉरक्रॉस आला, रबरी बूट, अंगाला धुराचा आणि गोड पाकाचा वास. त्याच्यामागे त्याची बायको, मग एकामागून एक बाकीच्या गुऱ्हाळांतली मंडळी.

"व्हर्नाताई, तुझ्या बापाने मला माझ्याच गुऱ्हाळातून हाकललं! म्हणाला, जा, मला हरवून ये."

चार वाजता लायलने निकाल वाचला आणि व्यायामशाळा टाळ्यांनी दणाणली. शाळा राहिली. व्हर्नाने ॲपल पायचा उरलेला तुकडा फडक्यात बांधला आणि गाडी टेकडीकडे घेतली.

वाटेत बापाचं रान लागलं. एकूण एक बादली काठोकाठ भरलेली, रस बर्फावर वाहत होता. तिने गाडी थांबवून ते बघितलं. ज्या माणसामुळे आयुष्यभर मान खाली घातली, त्याचा आज तिला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

ऑरिन परक्या कढईपुढे बाह्या सरसावून उभा होता.

"हरलो?"

"हरलात, बाबा. थोडक्यात."

"सगळे आले होते?"

"एकूण एक."

त्याने पळी उचलून काकवीची धार निरखली, मग ॲपल पायकडे हात केला. "मग ठीक आहे. पण पुढच्या वर्षी पुन्हा नाहीच म्हणणार, सांगून ठेवतो."

"म्हणा की," व्हर्ना म्हणाली. "मागच्या रांगेतली खुर्ची मीच धरून ठेवीन तुमच्यासाठी."