गिंकोची पानं

एनिडने नवऱ्याच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून कातडी हातमोज्यात कोंबली. अर्धांगवायूच्या झटक्यापासून तो हात लाकडासारखा झाला होता, आणि हातमोजा चढवायला तिला पाच मिनिटं लागत. रोज. वॉल्टरला गाडीतून चाकांच्या खुर्चीत बसवलं, की आधी हे जुने कामाचे हातमोजे. नाहीतर स्वारी हलायची नाही.

“गुलाब छाटायचेत का तुला?” ती म्हणाली. “लोकरीचे आणलेत मी. चांगले ऊबदार.”

“हेच.”

आजचा दहावा दिवस. वॉल्टर अडतीस वर्षं ऍशकोम हॉल या जुन्या वाड्याच्या बागेचा मुख्य माळी होता, आणि गेले नऊ दिवस एनिड त्याला खडीच्या वाटेवरून ढकलत जुन्या गिंकोपुढे आणत होती. गिंको मोठं लहरी झाड. बाकीची झाडं महिनाभर गळत राहतात. हे मात्र सगळ्यांत शेवटी, कडक थंडी पडली, की एकाच सकाळी सगळी पिवळी पानं टाकून मोकळं होतं. वॉल्टर मान वर करून बघायचा आणि म्हणायचा, “आज नाही. घरी चल.”

आणि दोनशे पावलांवर तळ्याकाठचे मेपल वृक्ष लालभडक झाले होते! लोक लंडनहून ते बघायला येत होते. वॉल्टर निवृत्त होईपर्यंत एनिडचा उभा संसार बागेच्या भिंतीलगतच्या घरात झाला, पण पानं रंगलेली असताना नवऱ्याबरोबर ती तळ्यापर्यंत एकदाही गेली नव्हती. बागभर पडलेली पानं उचलायचं काम त्याचं. “पानं उरकू दे, मग जाऊ,” तो दर वर्षी म्हणायचा. ती उरकेपर्यंत मेपलच्या नुसत्या काड्या उरत. या दिवसांतही, मेपलवर पानं होती तोवर, तिने रोज तळ्याचं नाव काढलं, आणि त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिच्या नाकी नऊ आले होते.

आज मात्र दव गोठून गवत पांढरं कडक झालं होतं. साडेआठलाच ती दोघं फाटकाशी पोहोचली.

“दहाला उघडतं,” छातीवर बिल्ला लावलेला नवा स्वयंसेवक हसून म्हणाला. “नियम आहे, काय करणार.”

भिंतीवरून गिंकोचा शेंडा दिसत होता. वारा नव्हता, तरी पानं सरसर खाली येत होती. हे कोण आहेत माहीत आहे का तुम्हाला, हे वाक्य एनिडच्या ओठांवर आलं. पण असं कोणी बोलतं का? शोभतं का ते?

“हो, बरोबरच आहे. थांबतो आम्ही,” ती म्हणाली. वर आभारही मानले. मग दीड तास स्वतःलाच शिव्या घालत उभी राहिली.

दहा वाजता ती जवळजवळ धावतच खुर्ची घेऊन गेली. झाड उघडंबोडकं होतं. खाली पिवळाधमक सडा.

“दहा दिवस!” एनिडचा आवाज चढला. आजूबाजूची माणसं सभ्यपणे दुसरीकडे बघू लागली. “दहा दिवस तुला ढकलतेय मी, आणि एक पान पडताना जवळून दिसलं नाही. मला बोलता आलं नाही, मूर्ख मी!”

वॉल्टर शेंड्याकडे बघत होता. एक-एक फांदी तपासल्यासारखं त्याने सगळं झाड पाहिलं.

“झालं,” तो म्हणाला. “हे शेवटचं.” मग दोन्ही हात त्याने पुढे केले. उजवा डाव्याने उचलून. “काढ.”

तिने हातमोजे ओढून काढले.

“आता तळं,” वॉल्टर म्हणाला.

एनिडने हातमोजे पिशवीत कोंबले.

“मेपल शुक्रवारच्या वाऱ्यात झडले, वॉल्टर! एक पान नाही राहिलं. इतके दिवस तिथेच होते, आणि तू…”

“माहितेय.” शब्द जुळवायला त्याला वेळ लागे. “पानं खाली असतील. आता मला उचलायची नाहीत.”

ती काहीतरी झणझणीत बोलणार होती. पण पिशवीत हात घालून तिने लोकरीचे हातमोजे काढले.

“आधी हे घाल,” ती डाफरली. “बोटं सरळ कर.”

त्याने केली, जमतील तेवढी.